देशमुखी नाक

आमच्या भागात मोठ्या घरचा नवरदेव लहान घरच्या मुलीशी लग्न लावायला स्वतः जात नसे. त्याचा खांडा जाई. खांडा म्हणजे सरळ पात्याची दुधारी तलवार. ती पाटावर उभी करायची, मुठीला फेटा आणि मुंडावळ्या बांधायच्या, समोर अंतरपाट धरायचा, आणि मुलीने तिच्याशी लग्न लावून घ्यायचे. खांडा परत निघाला की मागच्या गाडीत नवरी असे. नवरा तिला पहिल्यांदा दिसे तो सासरच्या दारात.

निजामाच्या अमलात तलवाड्याच्या बाजूला, गोदावरीपासून जवळ, देशमुखांची एक गढी होती. मी तिथे वाढलो. मी त्या घरचा लेकावळा. धन्याला घरच्या कुळंबिणीपासून, म्हणजे पिढीजात बांधलेल्या मोलकरणीपासून, मुलगा झाला की त्याला लेकावळा म्हणत. ही शिवी नव्हती. तो हुद्दा होता. कारभारी, शिपाई, गाडीवान, तसा लेकावळा. त्याला गढीत अन्न, कपडा आणि काम मिळे. बापाला तो बाप म्हणत नसे, सरकार म्हणे. पुढच्या दरवाजाने तो आत जात नसे. दरवाजासमोर आला की वहाणा काढून हातात घ्यायच्या आणि तटाच्या कडेने मागच्या दारी जायचे. हे मला कुणी शिकवल्याचे आठवत नाही.

सरकारांच्या दोन बायका वारल्या होत्या आणि मूल एकही राहिले नव्हते. माझी गणती मुलात होत नव्हती. त्यांना दमा होता, पाय सुजत. चुलतभावांचा डोळा गढीवर होता. म्हणून तिसरे लग्न ठरले, ते बालाघाटावरच्या, कपिलधारच्याही पलीकडच्या एका लहान गावच्या पाटलाच्या मुलीशी. मुलगी विशीला टेकलेली होती. तिची आई प्लेगमध्ये गेली होती, घर तिच्यावर पडले होते, आणि त्या गडबडीत लग्नाचे वय उलटून गेले होते. तेव्हाच्या हिशेबाने तिला चांगले स्थळ मिळणे अवघड होते. सरकारांना चालणे अवघड होते. खांड्याची रीत दोन्ही घरांच्या सोयीची होती.

खांडा न्यायला घरच्या रक्ताचा पुरुष लागतो. चुलतभाऊ जाणार नव्हते. मग कारभाऱ्यांनी मला बोलावले. मी तेव्हा बाविशीतला होतो. मौलवींकडे उर्दू शिकल्यामुळे वाटेत एखादा अंमलदार भेटला तर मला बोलता येई. सरकारांची जुनी शेरवानी आणि जुने जोडे मला दिले. शेरवानी खांद्यात नेमकी बसली. कारभारी म्हणाले, "शिंप्याला दाखवायची गरज न्हाई."

आम्ही तिघे निघालो. कारभारी, गाडीवान आणि मी.

पाटलाच्या गावात पोचलो त्याच सकाळी त्यांच्या भावकीतला एक म्हातारा वारला होता. सुतक फिटेपर्यंत हळद लागणार नव्हती. खांडा रिकामा परत नेणे अशुभ. तेव्हा आम्ही तिथेच राहिलो.

पाटलाच्या घरात वडीलधारी बाई एकच होती, त्यांची बहीण. नवऱ्याने टाकल्यापासून ती भावाकडेच असे. सगळे तिला आत्या म्हणत. तरुणपणी तिने एका जत्रेत सरकारांना घोड्यावर बसलेले पाहिले होते. मी ओसरीवर टेकलो, तिने मला दाराआडून पाहिले आणि भावाला आत बोलावून घेतले. पुढचे संभाषण तिनेच मला नंतर सांगितले.

"दादा, नुसता खांडा न्हाई आला. नवरदेवच आलाय, येषांतर करून."

"कशावरून म्हनतीस?"

"नाक बघ की. त्ये नाक देशमुखाचं हाय. दुसऱ्याच्या तोंडावर त्ये बसायचंच न्हाई."

"पर देशमुख वयानं लई थोर हायेत म्हनायलेत लोक."

"लोकांचं काय जातंय? जळत्यात. त्या अंगरख्याला बघ, कसा शिवल्यावानी बसलाय."

नाकाबाबत आत्याची चूक नव्हती. आमच्याकडे एक समजूत होती, की मोठा नवरदेव कधी कधी चाकराच्या वेशात खांड्याबरोबर जातो आणि मुलगी, घर, माणसे पारखून येतो. असे झालेले मी पाहिले नाही. असे झाले होते हे शपथेवर सांगणारी माणसे मात्र गावोगाव भेटत.

त्या दुपारी जेवायला मला पाटाभोवती रांगोळी घातलेली दिसली. मी तो पाट कारभाऱ्यांसाठी सोडला आणि गाडीवानाशेजारी जमिनीवर बसलो. पाटील हात जोडून पुढे आले.

"सरकार, हितं न्हाई. तिकडं."

"मी सरकार न्हाई, पाटील. मी सरकारांचा चाकर हाय."

"व्हय व्हय. आमीबी सरकारांचेच चाकर."

जेवण झाल्यावर सवयीने मी माझे ताट उचलले आणि राख शोधायला मागे गेलो. आत्याने ते हिसकावून घेतले. घरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गाडीवान रात्रीपर्यंत हसत होता. तो मला म्हणाला, "तू सरकार झालास तर मला घोडा दे बे. ह्या बैलांच्या शेपट्या पिरगाळून हाताला घट्टे पडलेत." दुसऱ्या दिवशी मी बैठकीतल्या गादीवर बसायचे टाळून दारात उभा राहिलो. त्यावरून गावात पसरले की देशमुख काय बेमालूम चाकर वठवतोय, उभा राहिला तरी हुबेहूब.

जितके नाकारावे तितके ते पक्के होत गेले. मोठा माणूस आपण मोठे आहोत असे कबूल कसे करील? खरा चाकर असता तर रांगोळीच्या पाटावर टपकन बसला असता, असे पाटलांनी स्वतः मला समजावून सांगितले.

बैठक नको म्हणून मी घरामागे गोठ्याकडे जाऊ लागलो. तिथे एक मुलगी गवऱ्या थापत असे. लुगडे विटलेले, कोपरापर्यंत शेण, कपाळावरचे केस मनगटाने मागे सारायची सवय. मी तिला कुळंबीण समजलो. ती या घरची मुलगी होती, ज्या खांड्याची मी राखण करत होतो त्याची नवरी होती. हे मला लग्नाच्या पाटावर कळले. वाचकाला आत्ताच सांगतो, कारण पुढचे बोलणे दोन्ही बाजूंनी ऐकावे लागते.

"हिकडं कावून आलाव?" ती म्हणाली. "पावन्यांची बैठक तिकडं हाय."

"तिथं सगळे माझ्याकडंच बघायलेत."

"नवरदेवाकडं बघतेतच."

"मी नवरदेव न्हाई. लेकावळा हाय मी. माझी आई गढीत दळतीया."

तिने हातातला शेणाचा गोळा भिंतीवर नेमका मारला. "बरं. मग मी कुळंबीन. पाटलाच्या लेकीसंगं पाठराखीन म्हनून धाडायलेत मला."

नवरीबरोबर सासरी सोबतीला जाते ती पाठराखीण. मी तिच्यावर लगेच विश्वास ठेवला. विचारले, "कशी हाय पाटलाची लेक?"

"तोंडाळ. भाकरी जाड करती. गुरं तेवढी ऐकत्यात तिचं." मग डोळे बारीक करून, "आन तुमचा देशमुख?"

मी खरे तेच सांगितले. "म्हातारा हाय. दम लागतो. पाय सुजतेत. दोन बायका खपल्या."

तिला हसू आवरेना. स्वतःबद्दल इतके वाईट बोलणारा नवरदेव तिने ऐकला नव्हता.

"दात हायेत का?"

"हायेत. थोडे."

"आन नाक?"

"नाक चांगलं हाय."

"त्ये दिसतंय," ती म्हणाली.

सुतकाचे ते दिवस असे गेले. मी रोज गोठ्यामागे जाई, ती रोज गवऱ्या थापत असे. मी तिला गढीतली खरी खरी हकिकत सांगे, कोण कुठल्या दाराने आत जातो, कोणाला वरण मिळते, कोणाला वरणावरचे पाणी. ती ते सारे थट्टा म्हणून ऐके आणि तिच्या परीने भर घाली. मी म्हणालो, तुझ्या पाटलाच्या लेकीला सांग, नवरा म्हातारा आहे, अजून वेळ आहे. तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणाली, "सांगितलं बघा."

गढीची रीत अशी होती, की पाठराखीण म्हणून आलेली मुलगी तिथेच राही आणि धनी ठरवतील त्या चाकराशी तिचे लग्न लागे. माझ्या डोक्यात ते आले. एका सकाळी मी ते बोललो.

"मी सरकारांकडं तुला मागून घीन."

ती थापायची थांबली. हात तसेच भिंतीला लावलेले. मग भिंतीकडेच बघत म्हणाली, "मागा की. सरकार न्हाई म्हननार न्हाईत."

मला वाटले, तिने होकार दिला. तिने तो दिलाही होता.

कारभाऱ्यांना मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो की हा घोटाळा निस्तरा. एका संध्याकाळी पुन्हा सांगितले तेव्हा ते पाटलांनी दिलेला वेलदोडा चघळत होते.

"तू सांगितलंस न्हवं त्यांला?"

"कितींदा तरी."

"मग झालं तर. खरं बोलायचं काम तुजं, आईकायचं काम त्यांचं." मग वेलदोड्याचे साल थुंकून आवाज खाली आणला. "पाटलाच्या कानावर गेलतं, नवरा म्हातारा हाय म्हनून. सुतकाचं निमित्त करून सोयरीक मोडायच्या बेतात व्हता त्यो. तुजं नाक बघून गप बसलाय. आता तूबी गप ऱ्हा. आन तुजी आई गढीत हाय, ह्ये इसरू नगंस."

सुतक फिटले, हळद लागली. गोठ्यामागे ती मुलगी दिसेनाशी झाली. लग्नघरात मोलकरणीला उसंत नसते, असे मी धरून चाललो.

लग्न सकाळी लागले. पाटावर तांदूळ पसरले होते, त्यात खांड्याचे टोक रोवले होते आणि मी पाटामागे उभा राहून मूठ धरली होती. अंतरपाटाच्या पलीकडे हिरव्या लुगड्याची कड आणि हळद लागलेली पावले दिसत होती. मंगलाष्टके संपली, पडदा बाजूला झाला. समोर गोठ्यामागची मुलगी होती. ती खांड्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. ओठ न हलवता, फक्त मला ऐकू जाईल असे ती म्हणाली, "कुळंबीन."

अक्षता पडत होत्या. माझ्या हातातला खांडा कलला. कारभाऱ्यांचा हात माझ्या मनगटावर आला.

"सरळ धर बे."

मी सरळ धरला. तिने त्याच्या मुठीत माळ घातली.

पाठराखीण म्हणून आत्या आली. नवरी आणि आत्या गाडीत, मी पुढे धुरेवर खांडा मांडीवर घेऊन. उन्हे कडक होती. कपिलधारला बैल सोडले. धबधब्याला पाणी नव्हते. कड्यावरून खाली आलेला काळा ओघळ तेवढा शिल्लक होता आणि कुंडाच्या तळाशी शेवाळ वाळून खपल्या धरल्या होत्या. दर्शनाला आलेले काही लोक सावलीला भाकरी खात होते. नवरी नारळ फोडून पायऱ्या उतरत होती. मी तिच्या समोर गेलो.

"तुमी माजं आईका."

"तुमी?" ती थांबली. "परवापतूर तर तू म्हनत व्हताव. लगीन लागल्यावर लोक उलटं करतेत."

"मी पयल्या दिवसापासून खरंच बोललोय. मी लेकावळा हाय. सरकार गढीत खाटंवर हायेत. देवाच्या पायरीवर उभा ऱ्हाऊन सांगायलोय."

ती हसली, पण पूर्वीसारखी नाही. "आता पुरं करा. एकदा गंमत, दोनदा गंमत."

मी कारभाऱ्यांना हाक मारली. ते जवळ आले. मला वाटले होते ते नाकारतील. त्यांनी तसे केले नाही. हात पुसत, सरळ तिच्याकडे बघून म्हणाले, "बाई, खरं हाय ह्याचं. लेकावळा हाय ह्यो."

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग आत्याकडे वळली आणि दोघी हसू लागल्या.

"कारभारी, तुमचं पोटबी सरकारच भरत्यात," ती म्हणाली. "ह्ये म्हनत्याल तसं तुमाला म्हनावंच लागंल."

"ऐकलंस?" कारभारी मला बाजूला घेऊन म्हणाले. "आन समज, पटलं असतं तिला. मग? अक्षता पडल्यात. लगीन लागलेली लेक माघारी कोन घील? बाप घील?"

गाडीवान हसत नव्हता. त्याने बैल जुंपले.

पुढच्या वाटेवर ती आत्याशी बोलत होती, ते मला ऐकू येत होते. गढीत गुरे किती असतील, गोठा कुठल्या बाजूला असेल, आपल्याला गोठ्यात जाऊ देतील का. आत्या म्हणाली, देशमुखाची बाईल शेणात हात घालत नसती. ती म्हणाली, "ह्ये घालू देतेल. ह्येंला ठावं हाय."

दुसऱ्या दिवशी गढीपाशी पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. दरवाजासमोर सडा घातला होता. बायका भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभ्या होत्या. सरकारांना खुर्चीवर बसवून देवडीत आणून ठेवले होते. अंगावर शेरवानी होती, नवी.

गाडी थांबली. मी उतरलो, खांडा कारभाऱ्यांच्या हातात दिला. मग वाकलो, जोडे काढले, हातात घेतले आणि तटाच्या कडेने मागच्या दाराकडे निघालो. काही ठरवून केले नाही. त्या दरवाजासमोर माझे शरीर तेच करी.

कोपऱ्यावर मागे वळून पाहिले. गाडीचा पडदा बाजूला होता. ती सरकारांकडे बघत नव्हती. माझ्या हातातल्या जोड्यांकडे बघत होती. सरकारांकडे आत्या बघत होती. तिने एक हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. नाक तेच होते.

पुढे मी सोलापूरला एका वर्तमानपत्रात नोकरी केली. तिथे पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवायला शिकवत. म्हणून सांगतो, नवरी गढीत आल्यानंतरचे बरेचसे माझे ऐकीव आहे. ते आईकडून ऐकले. माझ्या आईलाच तिच्या तैनातीला दिले होते.

पहिल्या सकाळी तिने आईला विचारले, "त्यो तुमचा लेक?"

आई पीठ मळत होती. "व्हय."

"आन नाक?"

आई मळत राहिली. मग नवरी उठली, आईच्या शेजारी बसली आणि परातीतला अर्धा उंडा स्वतःकडे ओढून घेतला. आई म्हणे, भाकरी खरेच जाड करायची.

आत्या काही महिन्यांनी माहेरी निघून गेली. जाण्याआधी मला मागच्या दारी भेटली आणि नाकाची सारी हकिकत सांगितली. शेवटी म्हणाली, "मी खोटं बोलले न्हाई रं, लेकरा." मीही तसेच म्हणालो.

मला तिला धाकट्या आईसाहेब म्हणावे लागे. तीही मला तोंडावर नावाने हाक मारत नसे. आमच्यामध्ये चिकाचा पडदा असे. काम सांगायचे तर ती आईला सांगे, आई मला सांगे, आम्ही तिघे एकाच चौकात उभे असलो तरी. दसऱ्याला शस्त्रपूजा असे. तेव्हा कोनाड्यातला खांडा काढून, तेल लावून, तिच्यासमोर ठेवायचे काम माझे. खांड्याची ती बायको, म्हणून पहिले हळदकुंकू तिचे. ती तेवढ्यापुरती पडद्याबाहेर येई, खाली बघून कुंकू लावी आणि आत जाई.

मूल झाले नाही. सरकारांचा दमा वाढत गेला आणि एका पहाटे ते वारले.

प्रेत उचलण्याआधी बायका तिच्या बांगड्या फोडायला माजघरात गेल्या. मी बाहेर चौकात होतो. चुलतभाऊ देवडीवर बसले होते. त्यांना काय हवे होते ते सगळ्यांना माहीत होते. कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या. सवाष्णीच्या कमरेच्या किल्ल्या कोणी काढत नाही. विधवेच्या काढतात, आणि तिला मागची खोली देतात. म्हणजे त्या सकाळी बांगड्या फुटल्या की गढीत तिचे काहीच उरणार नव्हते.

आतून तिचा आवाज आला. इतका मोठा आवाज तिने गढीत पहिल्यांदा काढला होता.

"कुनाच्या बांगड्या फोडायलाव?"

"तुमच्याच की, बाई. मालक गेले."

"माजं लगीन कुनाशी लागलंय? अक्षता कुनावर पडल्या? तुमचे मालक त्या दिशी हितं खाटंवर व्हते. माजा नवरा त्यो कोनाड्यात उभा हाय. त्याला जाळून या, मग फोडा."

मग एक म्हातारी म्हणाली, "बरोबर हाय की तिचं." कोणीतरी हसले. प्रेत चौकात होते आणि माजघरातून बायकांचे हसू ऐकू येत होते.

थोरले चुलतभाऊ उठले. म्हणाले, खांडा आणा, मोडून टाका. लोहाराला बोलावणे गेले. तो आला, पाहिले आणि म्हणाला, "पूजंचं हत्यार हाय, मालक. ह्याला घन न्हाई लावायचा मी." आणि निघून गेला. मग थोरल्यांची नजर माझ्यावर पडली.

"ह्यानं नेलता खांडा, ह्योच मोडंल. घे बे, दगडावर आपट."

मी कोनाड्यातून खांडा काढला. चौकात घेऊन आलो. टोक जमिनीला टेकवले आणि उभा राहिलो.

"मोडतूस का न्हाई? तुजी आई आतच हाय."

मी हललो नाही. हे धैर्याने केले असे लिहिता येत नाही. हात उचलला गेला नाही, इतकेच ठाऊक आहे.

पडदा सरकला. ती बाहेर आली, पुरुषांसमोर, डोक्यावर पदर नाही. माझ्यापुढे येऊन उभी राहिली. खांडा माझ्या हातात कलला होता.

"सरळ धरा," ती म्हणाली.

मी धरला. पाटावर धरला होता तसा. तिने दोन्ही मनगटे पात्यावर आपटली. हिरव्या काचा फरशीवर पडल्या, एका मनगटातून रक्त आले. अंगठ्याने कुंकू पुसले. या सगळ्यात ती खांड्याकडे बघत नव्हती.

"मेला नवरा," ती म्हणाली.

तिने कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि थोरल्यांच्या पायाशी टाकल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पायतान घाला. पुढच्या दारानं जा. परत येऊ नगा."

मी खांडा कोनाड्यात ठेवला आणि आईला न्यायला मागच्या अंगणात गेलो. ती पाणी तापवत होती. चल म्हणालो, सोलापूरला जाऊ, तिथे गिरण्या आहेत, काही तरी मिळेल.

"मी न्हाई येत," आई म्हणाली. "तिला पाठराखीन कोन हाय?"

मी जोडे घेतले. सरकारांचेच जुने होते ते. पुढच्या दरवाजाच्या आतल्या बाजूला, उंबऱ्याजवळ उभा राहून पायात घातले. बाहेर देवडीवर चुलतभाऊ किल्ल्यांचा जुडगा पुढ्यात ठेवून कोणती कुठली हे कारभाऱ्यांना विचारत होते. मी त्यांच्यासमोरून गेलो. कोणी अडवले नाही. माझ्या पायांकडे बघायला त्यांच्यापैकी कुणाला सवड नव्हती.